भूलतज्ज्ञ इनामदार आणि मॅकिल्डोरींचं मूळ

आमचे डॉक्टर इनामदार भूल द्यायचे ती आडनाव विचारून. इतर भूलतज्ज्ञ सुई टोचली की पेशंटला उलटे आकडे मोजायला सांगतात. इनामदार म्हणायचे, "मिस्टर कूपर, तुमच्या आडनावाचं मूळ सांगा." आता हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला, ट्रॉलीवर उताणा पडलेला माणूस कसलं मूळ सांगणार? "वेल डॉक्टर, माझे वडील…" एवढं म्हणेपर्यंत तो घोरायला लागायचा. संध्याकाळी शुद्धीवर आला की उशाशी इनामदार हजर. "तुमचे पूर्वज लाकडी पिंपं बनवायचे. अभिमान बाळगा!" त्या बिचाऱ्याला वाटायचं, अजून भूल उतरलेली नाही.

मी त्याच हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी होते. शिवाय नॉटिंगहॅममध्ये आमची दोघांची घरं एका भिंतीला चिकटलेली. त्यामुळे या खोडीचा ताप मला दिवसा हॉस्पिटलात आणि संध्याकाळी घरी, अशा दोन्ही पाळ्यांमध्ये होता. दूधवाला, पोस्टमन, बॉयलर दुरुस्त करायला आलेला पोऱ्या, कुणी म्हणून सुटला नाही. बॉयलरवाल्याचं मूळ नॉर्वेपर्यंत नेऊन पोचवलं आणि बॉयलर तसाच थंडगार. त्या रात्री अंघोळीचं पाणी माझ्याकडून गेलं.

आपली माणसं भेटली की मग विचारूच नका. ऐंशीनंतर नॉटिंगहॅमला मराठी डॉक्टरांची नवीन नवीन जोडपी यायला लागली होती. मंडळाच्या गणपतीत आरती संपून त्यांच्या हातावर प्रसाद पडायच्या आत इनामदार पुढ्यात. गाव, मूळ गाव, कुलदैवत, गोत्र. नोकरी-पगार असलं उथळ ते कधी विचारायचे नाहीत. "जरा खोलात जाऊ या," हे त्यांचं पालुपद. आमच्या ह्यांना तर त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच भेटीत धरलं होतं.

"कुठले तुम्ही?"

"नागपूर."

"ते आत्ताचं हो. त्याआधी?"

"वर्धा."

"जरा खोलात जाऊ या. त्याआधी?"

"त्याआधी माकड होतो आम्ही!" हे वैतागून म्हणाले.

"ते सगळेच होते," इनामदार शांतपणे म्हणाले. "त्याच्या अलीकडचं बोला."

त्या दिवसापासून दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. मी ह्यांच्यामुळे त्यांची वहिनी झाले आणि ते माझे भावजी. त्यांना उलट कुणी मूळ विचारल्याचं मात्र मला आठवत नाही. नावच इनामदार, त्यात काय विचारायचं? आणि समोरच्याला श्वास घ्यायला दिला तर तो विचारेल ना!

त्यांची बायको शरयू, माझी फार जिवाची मैत्रीण, मुलगी मीनल शाळेत असतानाच गेली. त्यानंतर या माणसानं त्या पोरीला एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा स्वतः घालायचे, आणि त्या इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर चढायच्या. मी एकदा म्हटलं, "भावजी, टाके घालताय का वेण्या?" तर म्हणाले, "शाळा सुटेपर्यंत टिकायला हव्यात, वहिनी. मध्येच सुटल्या तर तिथं कोण बांधणार?"

मीनल शिकली, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि इनामदार फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलायचे की भिंतीतून आम्हालाही सगळी खुशाली कळायची. नव्वदच्या सुमारास असंच एकदा भिंतीतून कळलं, की मीनल एका मुलाला घेऊन घरी येतेय.

मुलगा स्कॉटिश. इवन मॅकिल्डोरी. ताडमाड उंच, तांबूस केस. दारातच त्यानं आपण होऊन बूट काढले, तिथंच मी त्याला पास करून टाकलं. बूट काढून तो सरळ होतो न होतो, तोच इनामदारांनी सुरुवात केली. "मॅकिल्डोरी. मूळ कुठलं?"

"सॉरी, सर?"

"तुमच्या घराण्याचं मूळ. तुमच्याकडे चिन्हं असतात, ब्रीदं असतात, कापडाचे पट्टेसुद्धा ठरलेले असतात. तुमची कुठली?"

"आम्ही पर्थकडचे. डॅड बस चालवतात," इवन म्हणाला. "ग्रॅनच्या घरी भिंतीवर एक पाटी आहे. बाकी मला खरंच काही माहीत नाही."

"माहीत नाही?" इनामदारांचा चेहरा असा झाला, जणू ऑपरेशन चालू असताना पेशंट उठून बसलाय.

मुलगा गोरा आहे, परधर्माचा आहे, बाप बस चालवतो, यातलं एक अक्षर त्यांनी काढलं नाही. मंडळातल्या भल्या भल्या सुधारकांनी अशा वेळी अंथरूण धरलेलं मी पाहिलंय. यांचं एकच. मूळ कळल्याशिवाय हो म्हणणार नाही. मीनलनं आधी समजावलं, मग रडली, मग भडकली. इथं जन्मलेली पोर ती, चिडली किंवा भरून आलं की तिच्या मराठीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग वाट फुटेल तिकडे पळायचं. "बाबा, हा माझा लग्न आहे, तुमचा नाही! आम्ही बेसिंगस्टोकला रजिस्टर करतो. यायचं तर या, नाहीतर राहू दे!"

दार आपटलं ते आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली येईपर्यंत.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भिंतीपलीकडून काही म्हणजे काही ऐकू येईना. मला ते सहन होईना, तेव्हा मी गेले आणि चांगली हजेरी घेतली. "भावजी, अक्कल गहाण ठेवलीत का? एकुलती एक पोर, आई नाही तिला. असल्या सोन्यासारख्या मुलाला नाही म्हणताय?"

"मी नाही कुठं म्हटलं, वहिनी? मी फक्त विचारलं."

"आणि तुम्ही विचारत बसाल तोवर पोर कायमची निघून गेली म्हणजे?"

इनामदार गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि घाबरले.

दुसऱ्या दिवसापासून ते लायब्ररीत जाऊन बसायला लागले. हॉस्पिटल सुटलं की लायब्ररी. एडिंबराला फोन, ग्लासगोला फोन. कळलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे, म्हणून मग मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकघरात. "वहिनी, मॅक म्हणजे मुलगा. इल म्हणजे मूळचा गिल, सेवक. डोरी नावाचा कुणी जुना साधुपुरुष होता. त्याच्या सेवकाचा मुलगा, तो मॅकिल्डोरी. आपल्याकडे हरिदास असतात ना, थेट तसंच!" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "हरिदासाला चार पोळ्या पुरतील का?"

एकदा तर ते कोट उलटा घालून आले. "वहिनी, देवक सापडलं!"

देवक म्हणजे आपल्याकडे लग्नाआधी बसवतात ते. ज्याच्या-त्याच्या घराण्याचं झाड ठरलेलं असतं, कुणाचा कळंब, कुणाचा उंबर, त्याची डहाळी पूजेला लागते. इनामदारांना शोध लागला होता, की स्कॉटलंडमध्येही प्रत्येक घराण्याला आपापलं झाड असतं. लढाईला जाताना माणसं त्याची डहाळी टोपीत खोचायची. मॅकिल्डोरींचा रोवन, लाल फळांचा. आपल्या नॉटिंगहॅमच्या रस्त्यांवरही दिसतो. "देवक आहे म्हणजे माणसं आपल्यातलीच!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातचं लाटणं काढून घेतलं आणि हवेत नाचवलं. हे आतून ओरडले, "काय झालं?" मी म्हटलं, "व्याही वाढलेत आपले."

मग त्यांनी मीनलला न विचारता परस्पर इवनला फोन केला. मला तुझ्या ग्रॅनला भेटायचंय, म्हणाले. मुलगा गुणी, त्यानं सगळं जुळवून आणलं. आम्हा दोघांनाही गाडीत कोंबण्यात आलं, कारण इनामदार मोटरवेवरसुद्धा पाट्यांवरची गावांची नावं वाचत गाडी चालवायचे. तेव्हा गाडी ह्यांनी चालवली. मीनल तिथं आधीच येऊन बसली होती, तोंडाला कुलूप लावून. बापाकडे तिनं पाहिलंही नाही.

पर्थपासून जरा आत, टेकडीच्या पायथ्याशी लहानसं घर. ग्रॅन म्हणजे इवनची आजी, ऐंशीच्या घरातली, हातात काठी, अंगात लोकरीचं जाकीट, नजर मात्र सुईसारखी. चहा आला, घरची बिस्किटं आली. आणि शेकोटीच्या वर ती पाटी. व्हार्निश मारलेली लाकडी ढाल, त्यावर पाणमांजर, खाली लॅटिन. ग्रॅनच्या नवऱ्यानं कधीतरी सुट्टीवर गेला असताना एका दुकानातून हौसेनं आणलेली. नवरा गेला, पाटी राहिली.

इनामदारांनी चष्मा लावला. मी ह्यांचा हात घट्ट धरला.

"मॅडम," इनामदार म्हणाले, "हे तुमचं नाही."

ह्यांच्या तोंडातलं बिस्किट तोंडातच राहिलं.

"तुमच्याकडे ढाल घराण्याची नसते. एका माणसाची असते. ही घराण्याच्या नायकाची स्वतःची. ती तुम्ही लावायची म्हणजे मी दुसऱ्या डॉक्टरची डिग्री फ्रेम करून माझ्या भिंतीवर लावण्यासारखं."

"बाबा, प्लीज!" मीनल उभीच राहिली. इवननं तिला हातानं थोपवलं.

ग्रॅननं कप खाली ठेवला. "इतकी वर्षं मी रोज तिच्यावरची धूळ पुसतेय," ती म्हणाली. "मग माझं काय आहे, डॉक्टर?"

अहो, या प्रश्नासाठी तर इनामदारांचा जन्म झाला होता! ते खुर्चीच्या टोकाशी सरकले आणि सांगायला लागले. नायकाचं शिरचिन्ह म्हणजे हे पाणमांजर. ते घराण्यातल्या कुणीही लावावं, पण भोवती गोल पट्टा आणि बक्कल हवं. पट्टा असला की समजायचं, हा नायक नव्हे, हा नायकाचा माणूस. ब्रीद, 'आसरा देतो'. आणि झाड रोवन. रोवन म्हटल्याबरोबर ग्रॅननं खिडकीकडे बोट केलं. फाटकाशी रोवनच होता, फळांनी लालबुंद. "माझ्या सासूनं लावला," ती म्हणाली. "घराण्याचा म्हणून लावला, हे मला आज कळतंय." तिचे डोळे लकाकले. इवन तोंड उघडं टाकून ऐकत होता. आपल्याच घरची गोष्ट त्याला आमच्या शेजाऱ्याकडून कळत होती. मला तर इनामदारांचा असा अभिमान वाटला, की टाळ्या वाजवाव्यात.

पण ग्रॅन पक्की. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही एवढ्या लांब आलात, तर खरं सांगते. आम्ही नायकाच्या रक्ताचे नाही. उपाशी वर्षांत माझ्या नवऱ्याचे पूर्वज एक गाय घेऊन टेकडीपलीकडून आले. कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही. नायकानं डोक्यावर छप्पर दिलं, ओटचं पीठ दिलं, म्हणून त्याचं नाव लावलं. माझ्या नवऱ्याच्या ते मनाला लागायचं हो. म्हणून तर ही पाटी आणली."

झालं. मी डोळे मिटले. मूळ मूळ करत एवढ्या लांब आलो आणि मूळच नाही! मीनल बापाकडे वळली. "झाला तुमचा समाधान? आता नाही म्हणा, म्हणजे आम्ही सुटलो."

इनामदार उठले. चष्मा काढला. ग्रॅनसमोर जाऊन दोन्ही हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाले, "विहीणबाई, हे घर मला पसंत आहे." मग मीनलकडे वळून, अगदी हळू, "पोरी, माझी हरकत नाही. येऊ ना मी लग्नाला?"

मीनल त्यांच्या गळ्यातच पडली. ग्रॅननं भाषांतराची वाट न बघता व्हिस्कीची बाटली काढली. आम्ही मात्र चक्रावलो. परतीच्या वाटेवर इनामदार मागच्या सीटवर गात होते, बेसूर आणि तार सप्तकात. हे मला हळूच म्हणाले, "हा बरा आहे ना गं?"

लग्न नॉटिंगहॅमलाच झालं. वेम्बलीहून गुरुजी आले, येताना तिथल्या ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून आंब्याची पानं घेऊन आले. ग्रॅननं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून रोवनची डहाळी आणली होती. ती आंब्याच्या पानांशेजारी देवकाला बसली. सगळं मंडळ लोटलं होतं. इवन घराण्याच्या पट्ट्यांचा किल्ट, म्हणजे त्यांच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालून, छातीवर पट्टाबक्कलवालं पाणमांजर लावून उभा राहिला, तर आमच्या बायकांचं निम्मं लक्ष गुडघ्यांकडे. शरयू नाही, म्हणून कन्यादानाला आम्ही दोघं बसलो. इनामदार बाजूला उभे. रेशमी उपरणं, कपाळाला गंध, काय दिसत होते म्हणून सांगू!

गुरुजींनी विचारलं, "वराचं गोत्र?"

"मॅकिल्डोरी!" इनामदार गरजले. गुरुजी व्यवहारी माणूस, त्यांनी तसंच मंत्रात बसवलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"वधूचं गोत्र?"

इनामदार काही बोलेनात. गुरुजींनी परत विचारलं. माहीत नसलं तर काश्यप म्हणायची आपल्याकडे रीत आहे, एका शब्दात भागलं असतं. पण ते म्हणाले, "माहीत नाही, गुरुजी."

"अहो इनामदारसाहेब, चेष्टा नंतर. मुहूर्त जवळ आलाय."

"खरंच माहीत नाही. माझे आजोबा दुष्काळात कुठून तरी चालत आले. एवढे लहान होते, की त्यांना गावाचं नावसुद्धा सांगता आलं नाही. इनामदारांच्या घरी पाणी भरायला राहिले. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा इनामदार म्हणाले, आमचंच नाव लावा. तेवढंच आमचं मूळ." मग ते हॉलकडे वळले. सगळे तिथंच होते, ज्यांना ज्यांना त्यांनी प्रसाद हातात पडायच्या आत गाठलं होतं ते सगळे. "मी तुम्हा सगळ्यांना आधी विचारून टाकायचो. म्हणजे मग मला कुणी विचारणार नाही."

मला रडू फुटलं. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षं राहिलो आम्ही, आणि या माणसानं हे एकट्यानं छातीवर बाळगलं! शरयूला तरी सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

इवन वाकून ग्रॅनच्या कानात सांगत होता. ऐकता ऐकता ती काठी टेकत उठली. तरातरा पुढं आली, इनामदारांच्या दंडात हात घातला आणि गुरुजींना, त्यांच्याकडे पाद्र्याला म्हणतात तसं, ठणकावून म्हणाली, "मिनिस्टर, लिहून घ्या. डॉक्टर आमच्यातले. ज्यांना कुणी नाही त्यांचंच आमचं घराणं आहे."

गुरुजींना इंग्रजी चांगलं कळत होतं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि दचकून पोथी मिटली. "अहो, म्हणजे वधूपिता वराच्याच गोत्रात गेले! सगोत्र झालं की! हे लग्न लागत नाही!"

एकच गोंधळ. आणि त्या गोंधळात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, तर इनामदार. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी आमचे हे पाटावरून ओरडले, "गुरुजी, कन्यादान मी करतोय ना? माझं भारद्वाज! मुलगी भारद्वाजांची धरा आणि लावा लग्न!"

"मग आधी नाही का सांगायचं?" गुरुजी करवादले, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता अशा पडल्या, की ग्रॅनच्या हॅटमध्ये वाटीभर निघाल्या.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं, ही आपली पद्धत. मीनलनं इवनला देवनागरी शिकवली होती म्हणे, बेसिंगस्टोकला, रोज संध्याकाळी. तो मांडी घालून, जीभ दातांत धरून लिहायला बसला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. अक्षरं वाकडी, पण लागत होती. मीनल इनामदार.

"अहो जावईबापू, हे तर जुनंच आहे," गुरुजी म्हणाले. "नवीन लिहायचं असतं."

"तिनंच असं सांगितलं," इवन म्हणाला.

मीनल इनामदारांकडे बघत होती. "बाबा, मी आडनाव नाही बदलणार. पणजोबांना ती कुणीतरी दिली होती ना? दिलेली परत कसा करायचा?"

इनामदार ताटापाशी खाली बसले. त्यांनी ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं. एक हात लेकीच्या डोक्यावर ठेवला, एक जावयाच्या. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे तांदूळ आज कुणी आवरायचे नाहीत हं."